खात्रीचा रकाना

पहिल्याच शनिवारी आयव्हर प्रॉसर म्हणाले,
बघायचं नंतर. आधी वाकायचं.
जुन्या पुलाखाली, पाण्याला टेकलेल्या दगडावर
बोटाच्या पेराएवढं काळपट काही.
हुंग.

हेरफर्डच्या इस्पितळात मी आठवडाभर
माणसांचे नमुने तपासते.
हातमोजे, घट्ट झाकणं, नाव, जन्मतारीख.
इथे ना नाव, ना झाकण.
नाक खाली नेलं
आणि कुणीतरी सुकटीचा डबा उघडला,
आणि त्याच्या मागून, उगाचच, चमेली.

सहा वर्षं झाली, घरात सुकट भाजलेली नाही.
वरच्या मजल्यावरच्या मिसेस टडर
एक शब्द न बोलता खिडक्या उघडतात.

हेच ते, प्रॉसर म्हणाले. कालच्या रात्रीचं.
जळक्या रबरासारखं आलं तर समज, मिंक.
चष्मा कपाळावर सरकवून,
वही जवळजवळ नाकाला लावून
त्यांनी खूण केली.

मग कितीतरी शनिवार
मी पाणमांजर पाहिलं.
एकदा ते ओंडका निघालं,
एकदा पाणकावळा,
एकदा सुपरमार्केटची पिशवी, अगदी मिशांसकट.
एकदा तर ते तोंडात काठी घेऊन काठावर आलं,
अंग झाडलं,
गळ्यात पट्टा होता.
प्रॉसर हसले नाहीत.
मिंक पाण्यावर असतो, म्हणाले, ऑटर पाण्यात.
एवढं धर, बाकीचं सोड.

आमच्या भाषेत त्याला मांजर म्हणतात, मी सांगितलं.
मांजर?
सँडविच हातात तसंच धरून
ते त्यावर बराच वेळ विचार करत राहिले.
आणखी एक नाव आहे. ऊद.
निखाऱ्यावर टाकतात, धूर होतो, तोही ऊदच.
म्हणजे तुझ्या लोकांनी हुंगलं होतं, म्हणाले.
माझ्या लोकांचं मला ठाऊक नाही.
मी भुसावळची.
आमच्या तापीत म्हशी असायच्या.

फेब्रुवारी. सातला दहा कमी. नदीवर धुकं.
आधी बुडबुडे, ओळीने,
पाण्याखालून कुणी धावदोरा घालत चाललंय तसे.
मग डोकं, चपटं, कान असून नसल्यासारखे.
मग पाठ.
मग शेपूट, मुळाशी मनगटाएवढं जाड
आणि टोकाला काहीच नाही.
बस.

कुठे? प्रॉसर विचारत होते. कुठे, कुठे?
मी बोट दाखवलं.
ते माझ्या बोटाकडे बघत राहिले,
बोटाच्याही जरा डावीकडे.

तेव्हा कुठे कळलं
ते दगड हातांनी का चाचपतात,
आणि प्रयोगशाळेतल्या फळ्यावर
सोबत हवी, अनुभवाची गरज नाही,
असं कुणी आणि का लावलं होतं.

कसं गेलं?
मी इंग्रजीत शोधलं. गेलं, बुडालं, घसरलं.
एकही शब्द ओला नव्हता.
सुळ्ळकन, मी म्हणाले.
पुन्हा म्हण.
सुळ्ळकन.
त्यांनी डोळे मिटून घेतले.
आणि मिंक कसा जातो?
मिंक? डुबुक.
हां, म्हणाले. बरोबर. डुबुकच.

वही त्यांनी माझ्याकडे दिली, पेनसुद्धा.
नदी वाय. काठ डावा.
किती सेकंद: चार. फार तर पाच.
खात्री: पूर्ण, बहुधा, नाही.
मी पूर्णला गोल केला. रोज इतक्यांचे निकाल देते,
हात कधी असा थरथरला नव्हता.
पाहणाऱ्याचं नाव: दोघांची लिहिली.
वर्तन, या रकान्यात जागा अगदीच थोडी होती.
तरी माझ्या अक्षरात लिहिलं,
नागरीत, आखून दिलेल्या रेघेवर.

सु-चा उकार
रेघेखाली गेला.